आधी पॉइंट, मग टायमिंग

१९७० च्या आसपासची फोक्सवॅगन कॅम्पर व्हॅन युरोपात आजही सुट्टीवर निघालेली दिसते. उचलता येणारं छप्पर, आत शेगडी आणि पलंग, आणि सगळ्यात मागे हवेवर थंड होणारं चार सिलिंडरचं १६०० सीसी इंजिन. ती चढावर दम टाकू लागली किंवा सकाळी सुरू व्हायला कुरकुरू लागली की मालक पहिला संशय घेतो तो कार्बोरेटरवर. बिचारा कार्बोरेटर बहुतेक वेळा उगाच बदनाम होतो. ठिणगी पडत असते, पण कमजोर किंवा चुकीच्या क्षणी.

या गाडीत ठिणगीचा हिशेब ठेवायला संगणक नाही. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी जी पद्धत बसवली, तीच इथे आहे. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीतही तीच होती, त्यामुळे कॉइल, पॉइंट (उघडमीट करणारे दोन संपर्क), कंडेन्सर हे त्रिकूट आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकना तोंडपाठ असतं.

बॅटरी १२ व्होल्टची, आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला मात्र दहा-वीस हजार व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये जाड तारेच्या वेढ्यांसोबत त्यांच्या साधारण शंभरपट वेढे बारीक तारेचे असतात. पॉइंट मिटले की जाड तारेतून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ठिणगी त्या वेळी पडत नाही. ती पडते पॉइंट उघडतात तेव्हा. प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत प्रचंड व्होल्टेज निर्माण होतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेला हा नियम: क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज जास्त.

हा झपाटा राखणं हे कंडेन्सरचं काम. अंगठ्याएवढी डबी, क्षमता सुमारे ०.२ मायक्रोफॅरड. पॉइंट विलग होताना प्रवाह त्या इवल्याशा फटीतूनही उडी मारू पाहतो. कंडेन्सर त्याला तेवढ्यापुरता आसरा देतो, म्हणून तोड स्वच्छ होते. कंडेन्सर बिघडला की पॉइंट जळतात आणि प्लगवरची ठिणगी पिवळट, मरगळलेली दिसते. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर जुन्यांइतके टिकत नाहीत, अशी या गाड्यांच्या शौकिनांची कायमची तक्रार असते. म्हणून चालू असलेला जुना कंडेन्सर केवळ जुना आहे म्हणून फेकू नये.

आता मुद्दा क्रमाचा. ठिणगी ज्या-त्या प्लगला वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला कॅम (उंचवट्यांचा दांडा) फिरतो आणि त्याचे चार उंचवटे आळीपाळीने पॉइंट उघडतात. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ९० अंश येतात, त्यांपैकी साधारण ४४ ते ५० अंश पॉइंट मिटलेले हवेत. याला ड्वेल म्हणतात. कॉइल भरायला वेळ मिळतो तो इतकाच. फट ०.४ मिलिमीटर ठेवली की ड्वेल जवळपास जमतो. पण कॅमला घासणारी पॉइंटची टाच झिजत जाते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात. म्हणजेच ठिणगीलाही उशीर. ठिणगीच्या या क्षणालाच टायमिंग म्हणतात. ड्वेल एक अंशाने वाढला की टायमिंग क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) हिशेबात साधारण एक अंशाने मागे पडतं. त्यामुळे आधी टायमिंग लावून मग फट जुळवणाऱ्याची मेहनत वाया जाते.

फट मोजायच्या पातळ पात्यांचा फिलर गेजही फसवू शकतो. वापरलेल्या पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झालेला असतो. गेजची पाती टेकाडावर टेकते आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा जास्त असते. ड्वेल मीटर परवडत असेल तर तोच घ्यावा.

टायमिंग पुढे का ओढावं लागतं? पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा भडका एका क्षणात होत नाही, ज्वाळेला सिलिंडरभर पसरायला दोनेक मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर असताना एका मिलिसेकंदात क्रँक ५.४ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांवर १८ अंश. वेग वाढला की आतली खळबळ वाढून ज्वाळाही जलद पसरते हे खरं, पण तेवढं पुरत नाही. म्हणून डिस्ट्रिब्युटरमधली वजनं फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पाडतात.

आकडे मात्र डिस्ट्रिब्युटरवर अवलंबून. काहींना स्थिर अवस्थेत (इंजिन बंद) पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या ७.५ अंश आधी, काहींना निष्क्रिय वेगावर (गाडी उभी, इंजिन चालू) चक्क ५ अंश नंतर. ऐकीव आकडा लावण्याआधी डिस्ट्रिब्युटरवर कोरलेला नंबर बघावा. व्हॅक्यूम (इंजिनच्या शोषणावर ठिणगी आधी पाडणारा पडदा) नसलेल्या ००९ जातीच्या डिस्ट्रिब्युटरला टायमिंग लाइट लावून ३००० च्या पुढे एकूण २८ ते ३२ अंश तपासणं चांगलं. लाइट एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लग वायरीवरून लुकलुकतो, त्यामुळे फिरणाऱ्या पुलीवरची खाच थबकल्यासारखी दिसते. लाइट नसेल तर कॉइलचं १ नंबरचं टर्मिनल आणि बॉडी यांत १२ व्होल्टचा बल्ब जोडावा. चावी चालू ठेवून, पुलीची खाच जुळवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवावा. बल्ब पेटला तो पॉइंट उघडल्याचा क्षण.

या अंशांबाबत काटेकोर राहायचं कारण उष्णता. ठिणगी फार लवकर पडली तर मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर आघात होतात. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत ती टकटक ऐकू तरी येते. इथे इंजिन मागे, पंख्याचा आवाज मोठा आणि समोर बसलेल्या चालकाच्या कानावर काहीच नाही. उशीर झाला तर जळणं एक्झॉस्टपर्यंत लांबतं आणि हेड तापतात. त्यात जुन्या इंजिनांत ऑइल कूलर तीन नंबरच्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असे. त्या सिलिंडरला सांभाळण्यासाठी काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरचा उंचवटा मुद्दामच काही अंश उशिराचा घडवलेला आहे. ही गोष्ट ठाऊक नसणारा चांगला कॅम झिजला समजून बदलून टाकतो.

व्हॅक्यूम असेल तर त्याची नळी काढून तोंडाने हवा ओढावी आणि जिभेने भोक बंद करावं. आतली पट्टी सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत. रमतगमत चालणाऱ्या व्हॅनला त्याचा फायदा मोठा, कारण ॲक्सिलरेटर कमी दाबलेला असताना सिलिंडरमधलं विरळ मिश्रण सावकाश जळतं.

पॉइंटऐवजी चुंबक आणि तो जवळ आल्याचं ओळखणाऱ्या हॉल सेन्सरचा इलेक्ट्रॉनिक संच बसवता येतो. टाच नाही, म्हणून झीज नाही. माझा त्याला विरोध नाही, पण तो मेला की रस्त्यात दुरुस्त होत नाही. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि फिलर गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्यावेत. चावी चालू आणि इंजिन बंद अशी गाडी मात्र ठेवू नये: पॉइंट नेमके मिटलेले असले तर कॉइलमधून सतत चारेक अँपिअर वाहत राहतात आणि ती तापून निकामी होऊ शकते. कित्येक इलेक्ट्रॉनिक संचांनाही ही सवय सोसत नाही.