वाहन कंपनीचा पुरवठादार होताना: पात्रता, कागदपत्रे आणि निवडीचे गणित

चाकण, भोसरी किंवा वाळूजमधल्या लघुउद्योजकाला वाहन उद्योगातल्या मोठ्या कंपनीचा व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंदीचा क्रमांक) हवा असतो, आणि सर्वांत कमी दर भरला की तो मिळेल, हा समज अनेक अर्जांच्या मुळावर येतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकाने प्रमाणित कंपनीला पुरवठादार निवडताना पुरवठा खंडित होण्याची जोखीम, गुणवत्तेची व वेळेची आजवरची कामगिरी आणि गुणवत्ता व्यवस्थापन पद्धती तपासावी लागते. शिवाय हा निर्णय वेगवेगळ्या विभागांनी मिळून घ्यायचा असतो. ग्राहकाने वेगळी मुभा दिली नसेल, तर अर्जदाराकडे किमान आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र असावे लागते.

अर्जासोबत साधारणपणे पॅन, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, रद्द केलेला धनादेश, मागील वर्षांचे ताळेबंद, यंत्रांची क्षमतेसह यादी आणि मोजमाप उपकरणांचे कॅलिब्रेशन (अचूकता तपासणीचे) दाखले मागितले जातात. उद्यम नोंदणी आवर्जून जोडावी, कारण सूक्ष्म व लघु उद्योगाचे देयक लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे.

कागदपत्रांनंतर कारखान्याची पाहणी होते, आणि खरी परीक्षा इथेच असते. फाइलमध्ये कंट्रोल प्लॅनची (कोणत्या टप्प्यावर काय व कसे तपासायचे याच्या तक्त्याची) सुधारित प्रत आहे, पण यंत्राजवळ जुनीच लावलेली आहे. कामगाराच्या हातातल्या व्हर्नियर या मोजमाप उपकरणावरच्या कॅलिब्रेशन स्टिकरची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे. एवढे दिसले तरी बाकीच्या नोंदींवरचा परीक्षकाचा विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्तच आहे.

गुणांकनासाठी अनेक ठिकाणी थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली श्रेणीबद्ध विश्लेषणाची पद्धत वापरतात. तिच्यात निकषांची दोन-दोन करून तुलना होते आणि एक निकष दुसऱ्यापेक्षा किती महत्त्वाचा, हे १ ते ९ या मापावर ठरते. समजा, गुणवत्ता वेळेवर पुरवठ्याच्या दुप्पट आणि दराच्या चौपट महत्त्वाची, तर वेळ दराच्या दुप्पट महत्त्वाची मानली. मग गुणवत्तेला सुमारे ५७, वेळेला २९ आणि दराला १४ टक्के भार येतो. गुणवत्तेत ६०, वेळेत ७० आणि दरात ९५ गुण मिळवणाऱ्या स्वस्त पुरवठादाराची बेरीज ६८ होते, तर ८५, ७५ आणि ६० गुणांच्या महाग पुरवठादाराची ७९. समितीच्या तुलना परस्परविरोधी तर नाहीत ना, हेही तपासतात. विसंगतीचे गुणोत्तर ०.१० पेक्षा जास्त आले, तर तुलना पुन्हा करावी, असा संकेत आहे. म्हणून दरपत्रक भरण्याआधी निकषांचे भार लेखी विचारून घ्यावेत. सगळ्याच कंपन्या ते सांगतात असे नाही, पण विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

निवड झाल्यावर नमुना मंजुरीचा टप्पा येतो. त्यासाठीच्या पीपॅप या सुट्या भागांच्या मंजुरी प्रक्रियेत १८ घटक असून ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल तर तिसऱ्या पातळीचा, म्हणजे नमुने आणि संपूर्ण कागदपत्रांचा, संच द्यायचा असतो. प्रक्रियाक्षमतेचा प्रारंभिक निर्देशांक (प्रक्रिया ठरलेल्या मापाच्या मर्यादेत किती सातत्याने राहते, याचा आकडा) १.६७ च्या वर असल्यास अडचण नसते, १.३३ च्या खाली गेल्यास मात्र सुधारणेची योजना द्यावी लागते. नमुने नेहमीच्या यंत्रावर, नेहमीच्या कामगाराकडून आणि नेहमीच्या वेगानेच काढावेत. टूलरूममध्ये जपून घडवलेले नमुने देऊ नयेत. मंजुरीनंतर साचा, कच्चा माल किंवा कामाची जागा बदलायची असेल, तर आधी ग्राहकाला कळवून नव्याने मंजुरी घ्यावी लागते.