बुले आणि लदू: तो भलामोठा गोल नक्की कोणाचा?

आर्किटेक्चरच्या हिस्ट्रीच्या नोट्समध्ये एक चित्र कायम चुकीच्या नावाने फिरताना दिसतं. अवाढव्य दगडी गोल, त्याच्याभोवती सरूच्या झाडांच्या रांगा, पायथ्याशी मुंगीएवढी माणसं, आणि खाली नाव लदूचं. ते लदूचं नाहीये, एतिएन-लुई बुलेचं आहे, न्यूटनच्या स्मारकासाठी काढलेलं. मला हे दर वेळी खटकतं, कारण नावं अदलाबदल झाली की दोघांवरही अन्याय होतो, एकाची कल्पना जाते आणि दुसऱ्याने खरोखर उभं केलेलं काम झाकलं जातं.

गोंधळ होतो त्याला कारणं आहेत. दोघेही अठराव्या शतकातले फ्रेंच, दोघेही ब्लाँदेल या एकाच गुरूकडे शिकलेले, दोघांनाही गोल, घन, सिलिंडर असे शुद्ध आकार आणि नक्षी नसलेल्या सपाट भिंती प्रिय. त्यात विसाव्या शतकात एमिल काउफमान या इतिहासकाराने त्यांना, आणि तिसऱ्या लकूला, 'क्रांतिकारी आर्किटेक्ट' म्हणून एका पंगतीत बसवलं, ते लेबल तेव्हापासून चिकटलंय. आता क्रांती म्हटलं की लोकांना वाटतं हे १७८९ नंतरचं काम असणार, पण दोघांचंही गाजलेलं बरंचसं काम त्याआधीचं आहे, राजा गादीवर असतानाचं.

बुले वयाने मोठा, १७२८ चा, पॅरिसचाच. त्याला खरं तर पेंटर व्हायचं होतं, वडिलांनी आर्किटेक्चरकडे वळवलं. श्रीमंतांसाठी काही घरं बांधली, त्यातलं ओतेल अलेक्सांद्र पॅरिसमध्ये अजून उभं आहे, पण नंतर तो शिकवण्यात आणि कागदावरच्या प्रोजेक्ट्समध्ये रमला. त्याचं म्हणणं होतं की बांधणं ही नंतरची गोष्ट, आदिमानवानेसुद्धा झोपडी आधी मनात पाहिली आणि मग उभारली, तेव्हा ते मनात पाहणं हेच आर्किटेक्चर. एकदा तो चांदण्यात रानाच्या कडेने चालला होता, जमिनीवर स्वतःची आणि झाडांची सावली पडलेली दिसली, आणि त्यातून त्याला सावल्यांचं आर्किटेक्चर सुचलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

हे माहीत असलं की न्यूटनचं स्मारक लगेच उलगडतं. साल १७८४, गोलाचा व्यास सुमारे १५० मीटर, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षाही उंच. घुमटाला बारीक आरपार भोकं, त्यातून दिवसाचा उजेड आत आला की आतल्या अंधारात चांदण्या चमकणार, आणि बाहेर रात्र झाली की मध्यभागी टांगलेल्या ग्रहगोलाच्या यंत्रातला दिवा पेटवून आत दिवस करायचा. बाहेर दिवस तर आत रात्र. हे बांधता येणार नव्हतं हे उघड आहे, पण ती शाईची वॉश ड्रॉइंग्ज बघताना तो विचार डोक्यात येतच नाही.

क्लोद-निकोला लदू वेगळ्या मातीचा. १७३६ मध्ये शाम्पेन भागातल्या दोर्मां गावात जन्म, स्कॉलरशिपवर पॅरिसला शिकला, सुरुवातीला एन्ग्रेव्हिंगची कामं करून पोट भरलं. पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम दु बारी हिच्यासाठी त्याने लूवसिएनला पॅव्हिलियन बांधलं आणि दरबाराची दारं उघडली. १७७१ मध्ये त्याला मिठाच्या सरकारी कारखान्यांचा इन्स्पेक्टर नेमलं, आणि माझ्या मते त्याचं आयुष्य खरं इथून सुरू होतं.

तो म्हणजे आर्क-ए-सनाँ गावातला राजाचा मिठाचा कारखाना, बांधकाम १७७५ ते १७७९. खारं पाणी तिथलं नव्हतंच, ते सालँ गावाहून २१ किलोमीटर लांब लाकडी पाइपातून आणायचं, कारण उकळायला लागणारा सरपणाचा शो नावाचा जंगलपट्टा इथे जवळ होता, आणि पाणी लाकडाकडे नेणं हे लाकूड पाण्याकडे नेण्यापेक्षा सोपं. कारखान्याचा प्लॅन अर्धवर्तुळाचा, मधोमध डायरेक्टरचं घर, दोन्ही बाजूंना मीठ उकळायच्या शेड, कडेने कामगारांची घरं आणि त्यांच्यामागे भाजीपाल्याचे वाफे. डायरेक्टरच्या घराचे खांब बघा, एक ठोकळा गोल, एक चौकोनी, परत गोल. आणि भिंतींवर दगडात कोरलेले आडवे पडलेले घडे, त्यांच्या तोंडातून घट्ट पाणी ओघळताना थिजलंय. मीठ इथे कसं बनतं ते भिंतच सांगते. यालाच पुढे बोलतं आर्किटेक्चर असं नाव पडलं.

मग १७८४ पासून पॅरिसचे जकात नाके. शहरात येणाऱ्या मालावर कर वसूल करायला सुमारे २४ किलोमीटरची भिंत बांधली गेली, तिची कल्पना लाव्हॉइझिएची, हो, केमिस्ट्रीतलाच, तो कर गोळा करणाऱ्या ठेकेदारांपैकी एक होता. भिंतीतले पन्नासएक नाके लदूने डिझाइन केले, देवळासारखे भारदस्त, आणि लोकांना त्या भिंतीचा इतका संताप होता की जुलै १७८९ मध्ये बॅस्टिलचा तुरुंग-किल्ला पडायच्या आधीच बरेच नाके जाळले गेले. आज चार ठिकाणचे उरलेत, ला व्हिलेत, माँसो, नासिओं आणि दाँफेर-रोशरो. लदूला १७९३ मध्ये पकडून ला फोर्सच्या तुरुंगात टाकलं, गिलोटिन टळलं, १७९५ मध्ये सुटला. त्यानंतर कामं मिळेनात, तेव्हा त्याने आपली ड्रॉइंग्ज एकत्र करून १८०४ मध्ये पुस्तक काढलं, त्यात त्या कारखान्याभोवती शो नावाचं अख्खं आदर्श शहर रचलेलं आहे. बरेच जण समजतात की आधी हे शहर कल्पिलं आणि त्यातला तुकडा बांधला गेला. झालं उलट, आधी कारखाना उभा राहिला आणि शहर त्याच्याभोवती कागदावर वाढत गेलं. १८०६ मध्ये तो गेला. बुले त्याआधीच, १७९९ ला, आपले कागद देशाच्या नावे ठेवून गेला होता, आणि आर्किटेक्चरवरचा त्याचा निबंध छापून यायला १९५३ उजाडलं.

आता परत गोलाकडे, कारण लदूनेही गोल काढलाय, आणि खरी चूक तिथेच होते. मोपेर्त्युई या गावच्या शेतीच्या राखणदारांसाठी त्याने गोल घर सुचवलं होतं. पण त्या घराला चार बाजूंनी चढायला जिने आहेत, आत मजले आहेत, खोल्या आहेत, कारण तिथे राखणदार राहणार आहे. बुलेच्या गोलात राहायला कोणी नाही. तिथे तळाशी एक शवपेटी आहे, तीही रिकामी, न्यूटन पुरलाय लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये.