कायदा मंजूर झाला म्हणजे पैसे गेले का?

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे एक मेसेज फिरतो: ‘सुरक्षेचं विधेयक मंजूर झालं, की त्यात लिहिलेले कोट्यवधी रुपये त्याच दिवशी तिजोरीतून जातात.’

असं वाटणं साहजिक आहे, कारण विधेयकात आकडा खरंच असू शकतो. खर्च येणार असेल तर विधेयकाला ‘वित्तीय ज्ञापन’ जोडतात. एकदाच होणारा खर्च किती, दरवर्षीचा किती, याचा तो अंदाज असतो. कधीकधी तर ‘आत्ता नेमका आकडा सांगता येत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं!

पैसे देण्याची वाट वेगळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद 114 प्रमाणे विनियोजनाचा कायदा (म्हणजे कशासाठी किती पैसे काढायचे, याला संसदेने कायद्याने दिलेली परवानगी) झाल्याशिवाय भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीतून, रुपयाही काढता येत नाही. म्हणजे आधी अर्थसंकल्पात तरतूद, मग लोकसभेत अनुदानाच्या मागण्यांवर (मंत्रालयांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर) मतदान, त्यानंतर विनियोजन विधेयक. तरतूदच झाली नाही, तर कायदा कागदावरच राहू शकतो.

‘नोटा तर आपल्या नाशिकरोडलाच छापतात, मग अडतंय कुठे?’ हेही ऐकू येतं. पण छापखान्यातून नोट बाहेर पडली म्हणून ती सरकारच्या खर्चाची होत नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर विधेयकाची पीडीएफ उघडा आणि कलमं संपल्यावरची पानं बघा. मग केंद्रीय अर्थसंकल्पात त्या मंत्रालयाची मागणी काढा. तिथे मागचा प्रत्यक्ष खर्च, मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी-शेजारी असतात. मला स्वतःला सुधारित अंदाजाचा रकाना सगळ्यात बोलका वाटतो.