डीपीएफ पुन्हा पुन्हा चोक होणे (जुनी डिझेल गाडी)

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये बसवलेला हा फिल्टर धुरातली काजळी अडवून धरतो आणि ठराविक अंतराने ती जाळून स्वतःला मोकळं करतो. हे जाळणं नीट झालं नाही की फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ताकद कमी करणारी अवस्था) जाऊन ओढेनाशी होते. एकदाच लागलेला दिवा बहुतेक वेळा हायवेवर २०-३० मिनिटं गाडी पळवली की जातो, त्याची काळजी नको. इथे विषय आहे तो दर महिन्या-दोन महिन्यांनी परत येणाऱ्या दिव्याचा, ज्याच्यापायी लोक हजारो रुपये घालवतात आणि तरी मूळ कारण सापडत नाही.

मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या कारमध्ये हा फिल्टर पहिल्यांदा २००० साली प्यूजो ६०७ मध्ये आला. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस६ (गाड्यांच्या धुराचे नवे, कडक नियम) लागू झालं तेव्हा डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची जी मुभा होती ती ४.५ मिलिग्रॅमवर आली, शिवाय कणांच्या संख्येवरही मर्यादा आली, त्यामुळे फिल्टरशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्याच वेळी डिझेलमधलं सल्फरही ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणलं गेलं. त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता वॉरंटीबाहेर आहेत, लाखभर किलोमीटर झालेल्या आहेत आणि सेकंड हँड बाजारात आल्या आहेत, म्हणून हा प्रश्न आत्ता घरोघरी पोचतोय.

आतून हा फिल्टर मधमाशीच्या पोळ्यासारखा असतो, सिरॅमिकच्या बारीक बारीक नळ्या, एकीचं पुढचं तोंड बंद तर शेजारचीचं मागचं बंद, म्हणजे धुराला मधल्या सच्छिद्र भिंतीतून पाझरूनच जावं लागतं आणि काजळी अलीकडे राहते. ही काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. घाटात लोड असताना किंवा एक्स्प्रेसवेवर एका लयीत गाडी चालली की थोडी काजळी आपोआप जळत राहते. पण शहरात एवढी उष्णता कुठून येणार, मग ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) मुद्दाम उशिरा थोडं जास्त डिझेल सोडतो, ते फिल्टरच्या पुढच्या कॅटॅलिस्टवर (जळण घडवून आणणारा लेप असलेला भाग) जळतं आणि फिल्टर तापतो. यालाच रीजन (रीजनरेशन) म्हणतात, साधारण १०-२० मिनिटांचं काम. त्या वेळी आयडल जरा वाढतं, अॅव्हरेज एकदम पडलेलं दिसतं, करपट गरम वास येतो आणि गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहतो. घरापाशी पोचल्यावर हा पंखा ऐकू आला तर समजायचं की रीजन अर्धवट तुटलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज ७-८ किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं हेच होतं, रोज सुरू होतं आणि रोज तुटतं.

आता मुद्द्याचं. फिल्टर बिचारा सगळ्यांच्या मागे बसलेला, पुढे इंजिनात जे काही बिघडेल ते शेवटी त्याच्याच पदरात पडतं. म्हणून फिल्टर उतरवायच्या आधी चांगल्या स्कॅनरवर (ईसीयूमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) तीन गोष्टी बघायच्या: दोन रीजनमध्ये किती किलोमीटर जातात, रीजन पूर्ण होतंय का, आणि झाल्यावर फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक खाली येतो का. धडधाकट गाडीत दोन रीजनमध्ये साधारण तीन-चारशे किलोमीटर किंवा जास्त जातात. रीजन पूर्ण होतंय, दाबही उतरतोय, पण शंभर किलोमीटरमध्ये परत भरतोय, तर इंजिन काजळी जास्त करतंय. रीजन सुरूच होत नाही, तर कुठला तरी सेन्सर किंवा अट आडवी येतेय. आणि रीजन पूर्ण होऊनही दाब चढलेलाच, तर आत राख साठलीय.

काजळी जास्त करणाऱ्यांत पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा गार करणारी जाळी) पाइपवर घ्यावा, जुना रबरी पाइप क्लॅम्पपाशी फाटतो, बूस्ट म्हणजे ती दाबलेली हवा गळते, इंजिनाला हवा कमी पडते आणि धूर वाढतो, पण फिल्टर असल्यामुळे तो धूर मागून दिसतच नाही, हीच तर पंचाईत आहे. पूर्वी काळा धूर बघून फिटर लांबूनच सांगायचा डिझेल फवारणारी नोझल गेलीय म्हणून, आता ती सोय राहिली नाही. त्यानंतर नोझल (तिच्यातून किती डिझेल परत जातं ते मोजणारी लीक-ऑफ टेस्ट करून घ्यावी), अडकलेला ईजीआर वाल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), आणि ऑइल ओढणारा टर्बो.

रीजन अडवणाऱ्यांत सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारा वाल्व्ह. तो उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापतच नाही आणि ईसीयू रीजनला परवानगी देत नाही, ड्रायव्हरला मात्र काटा जरा खाली आहे एवढंच दिसतं. टाकीत डिझेल अगदी कमी असेल तरी बऱ्याच गाड्या रीजन करत नाहीत, सायलेन्सरमधला तापमानाचा सेन्सर गेला तरी नाही, काही गाड्यांत तर ग्लो प्लगचा (गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा) फॉल्टसुद्धा पुरतो. म्हणून पी२४६३ (काजळी जास्त) किंवा पी२००२ (फिल्टर नीट काम करत नाही) असा कोड आला की तेवढ्यावर थांबू नये, सोबतचे किरकोळ वाटणारे कोड वाचावेत, खरा चोर बहुतेक त्यांच्यातच असतो.

दाबाच्या सेन्सरचं सांगायलाच हवं. त्याला दोन छोट्या नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीची, एक नंतरची. आमच्या गाडीला एका गॅरेजने सरळ नवा फिल्टर सांगितला होता, दुसऱ्या फिटरने टॉर्च मारला, पुढची नळी बोटांत धरून वाकवली आणि क्लॅम्पच्या खाली, जिथे एरवी नजर जात नाही तिथे, नखाएवढी चीर उघडी पडली. वीतभर रबरी नळी बदलली आणि तो त्रास संपला. घरी करता येईल अशी एक तपासणी म्हणजे इग्निशन ऑन, इंजिन बंद, अशा वेळी स्कॅनरवर दाबातला फरक जवळपास शून्य दिसला पाहिजे. दिसत नसेल तर सेन्सरच खोटं बोलतोय.

ऑइलकडे दोन कारणांनी लक्ष हवं. एक, अर्धवट राहिलेल्या रीजनचं न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि ऑइल पातळ होऊन त्याला डिझेलचा वास आला तर गाडी चालवू नका, लगेच ऑइल बदला, पातळ ऑइलने बेअरिंग जातात आणि मग फिल्टरचं बिल परवडलं म्हणायची वेळ येते. दोन, ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची राख होते आणि ती कितीही तापवलं तरी जळत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं लो-सॅप्स (कमी राख करणारं) ऑइलच घालायचं, बऱ्याच कारना डब्यावर एसीईए (ऑइलचा युरोपियन दर्जा) सी२ किंवा सी३ लिहिलेलं लागतं, दोन-तीनशे रुपये वाचवायला दुसरं घालू नये.

राख भरली की मात्र फिल्टर उतरवून साफ करण्याला पर्याय नाही. बाटलीतली केमिकलं काजळीला थोडीफार मदत करतात, राखेला काही करत नाहीत. साफ करणाऱ्याने आधी आणि नंतर फिल्टरचं वजन करून दाखवलं तर काम खरं झालं असं समजावं. गाडी धुवायच्या प्रेशर गनने आत पाणी मारू देऊ नका, भिंती फुटतात. साफ केल्यावर किंवा बदलल्यावर स्कॅनरने ईसीयूमधली राखेची नोंद रीसेट करावी लागते, हे राहून गेलं की नव्या फिल्टरवरही जुनाच दिवा लागतो.

स्कॅनरने हुकूम देऊन उभ्या गाडीत करायचं फोर्स्ड रीजन मोकळ्या जागेत, वाळलेल्या गवतापासून लांब आणि ऑइल तपासून मगच करावं. फिल्टर गच्च भरलेला असेल तर ते करूच नये, एवढी काजळी एकदम पेटली की सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं.

फिल्टर काढून ईसीयूत मॅप (फिल्टर नसला तरी दिवा न लावणारं बदललेलं सॉफ्टवेअर) टाकून देणारे जागोजागी आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळे असे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि ब्रिटनमध्ये तर फेब्रुवारी २०१४ पासून फिल्टर गायब असेल तर गाडी एमओटीतच (तिथली वार्षिक सक्तीची तपासणी) नापास होते, तिकडे जुनी डिझेल घेणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो असं पक्कं ठरलेल्या गोष्टींत टाकलंय, आणि तो धूर सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या पोराच्या तोंडावर जातो.

सेकंड हँड गाडी बघायला गेलात तर इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर शाबूत असेल तर लाख किलोमीटरनंतरही बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळं झालं तर फिल्टर फुटलाय किंवा आतून रिकामा केलाय, आणि डब्यावर कापून परत वेल्डिंग केल्याची खूण आहे का ते खाली वाकून बघून घ्या.