मेक्सिकन-आयरिश वारसा

मेक्सिकन-आयरिश वारसा : मेक्सिकोत मिसळून गेलेली आयरिश वंशाची घराणी आणि त्या नात्याची सार्वजनिक आठवण, अशा दोन्ही अर्थांनी ही संज्ञा वापरली जाते. अमेरिकेत आयरिश लोक लाखांनी गेले. मेक्सिकोत त्यांची वस्ती नेहमी तुरळकच राहिली. तरीही मेक्सिको सिटीत दरवर्षी त्यांच्या नावाने समारंभ होतो. त्याला कारण रक्ताच्या नात्यापेक्षा एक युद्ध आहे.

अमेरिका-मेक्सिको युद्धात (१८४६–४८) अमेरिकेची फौज सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेल्या सैनिकांची ‘सान पात्रिसियो’ ही तुकडी होती. सान पात्रिसियो म्हणजे आयर्लंडचा संत पॅट्रिक. गॉलवे परगण्यातल्या क्लिफ्डेनचा जॉन रायली तिचा म्होरक्या. तुकडीत जर्मन व इतर युरोपीयही होते, पण हिरवा झेंडा आणि त्यावरची वीणा आयरिशच. फितुरीचे कारण म्हणून आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाकडे बोट दाखवले जाते, ते फारसे पटत नाही. दुष्काळाची पहिली झळ १८४५ च्या अखेरीस लागली आणि रायलीने एप्रिल १८४६ मध्ये अमेरिकेची छावणी सोडली. म्हणजे त्याच्यासारख्यांनी घर त्याआधीच सोडले होते. कॅथलिक शिपायांविषयी प्रोटेस्टंट अधिकाऱ्यांचा तिटकारा, कडक शिक्षा आणि मेक्सिकोने देऊ केलेली जमीन ही कारणे अधिक जवळची वाटतात.

२० ऑगस्ट १८४७ रोजी मेक्सिको सिटीजवळच्या चुरुबुस्कोच्या मठात दारूगोळा संपेपर्यंत ही तुकडी लढली. पकडलेल्यांपैकी सुमारे पन्नास जणांना सप्टेंबरात फाशी झाली. त्यांतल्या तीस जणांना १३ तारखेला मिस्कोआक येथे गळ्यात फास अडकवून उभे ठेवले होते. समोरच्या चापुल्तेपेक किल्ल्यावर अमेरिकेचा झेंडा चढताच त्यांना लटकावले. रायलीने युद्ध जाहीर होण्याआधीच फौज सोडल्यामुळे त्याचा जीव वाचला. त्याला फटके मारून गालावर पळपुट्याची खूण डागली.

मेक्सिको सिटीच्या सान आंहेल भागातल्या सान हासिंतो चौकात १९५९ साली बसवलेल्या शिलालेखावर ७१ नावे आहेत. शनिवारी या चौकात चित्रे आणि हस्तकलेचा बाजार भरतो, तेव्हा त्या भिंतीकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. १२ सप्टेंबरच्या आसपास मात्र तिथे बॅगपाइप वाजतात, एकेक नाव पुकारले जाते आणि जमलेले लोक उत्तर देतात : ‘मुरिओ पोर ला पात्रिया’, म्हणजे मायभूमीसाठी मेला. पुकारलेली आडनावे आयरिश, मायभूमी मात्र मेक्सिको. संत पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चलाही त्यांचे स्मरण होते. चुरुबुस्कोचा मठ आता परकीय आक्रमणांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिकडे क्लिफ्डेनमध्येही १२ सप्टेंबरला मेक्सिकोचा झेंडा फडकतो.

घराण्यांचा माग आडनावांवरून लागतो. मेक्सिकोत मूल वडिलांचे आणि आईचे अशी दोन्ही आडनावे लावते. आपल्याकडे आईचे माहेरचे आडनाव मुलाच्या नावात येतच नाही. तिथे ते एक पिढी टिकते आणि नातवंडांत गळते. त्यामुळे आयरिश आजी नावातून दिसेनाशी होते, आजोबा तेवढे उरतात. आयरिश वडिलांचे पुत्र, वास्तुरचनाकार हुआन ओ’गोर्मान (१९०५–८२) यांनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या भिंती रंगीत दगडांच्या चित्रांनी मढवल्या. चित्रकार दांपत्य दिएगो रिव्हेरा आणि फ्रिदा कालो यांची जोडघरेही त्यांचीच, आणि तीही सान आंहेलमध्ये. त्यांचे बंधू एदमुंदो नामवंत इतिहासकार होते. चिवावात जन्मलेले अभिनेते अँथनी क्विन यांचे आडनावही आयरिशच. मेक्सिकोचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांचे आडनाव ‘ओ’ब्रायन’वरून आले, ही दंतकथा मात्र सोडून द्यावी, ओब्रेगोन हे जुने स्पॅनिश आडनाव आहे.

अमेरिकेत हे मिश्रण अधिक घरगुती आहे. तिथे मेक्सिकन आणि आयरिश दोघेही बहुतांश कॅथलिक, त्यामुळे एकाच चर्चमध्ये ओळखी होऊन लग्ने जुळत. अशा घरातल्या मुलांना मिरवायला दोन अधिकृत महिने मिळतात : आयरिश वारशासाठी मार्च, हिस्पॅनिक वारशासाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. सान पात्रिसियोचा १२ सप्टेंबर दोन्हींत बसत नाही; आणि अमेरिकेच्या लष्करी दप्तरात ते सैनिक आजही पळपुटेच आहेत.