इन्सुलिनच्या रेणूचं वजन कसं करतात?

दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंची इन्सुलिनची बाटली रात्रभर चुकून फ्रीजरमध्ये राहिली. सकाळी ती घेऊनच आल्या. "तू प्रथिनांच्याच प्रयोगशाळेत आहेस ना? एवढी तपासून दे. दिसायला तर पाण्यासारखी स्वच्छ आहे."

प्रथिन तपासायचं म्हणजे आम्ही आधी त्याच्या रेणूचं वजन करतो. मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं, वजन साधारण ५,८०८ डाल्टन. एक डाल्टन म्हणजे जवळपास हायड्रोजनच्या एका अणूएवढं. हे मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरला रेणू निर्वातात उडता आणि विद्युतभारित हवा असतो. प्रथिनाची वाफ करायला जावं तर ते करपतं. यातून वाट काढणाऱ्या जॉन फेन यांना २००२ साली, वयाच्या ८५व्या वर्षी, नोबेलचा वाटा मिळाला.

वाट अशी: आम्ल घातलेलं द्रावण बारीक सुईतून सोडायचं आणि तिथे तीन-चार हजार व्होल्टचा दाब द्यायचा. टोकाशी द्रव शंकूसारखा ओढला जातो आणि धनभारित थेंबांचा फवारा उडतो. गरम नायट्रोजनने थेंब आटतो, भार मात्र तेवढाच राहतो. भारांची दाटी पृष्ठताणाला आवरेनाशी झाली की थेंब फुटतो, त्याचे तुकडे पुन्हा आटतात, पुन्हा फुटतात. शेवटी पाणी जातं आणि अंगावर प्रोटॉन घेतलेलं प्रथिन उरतं.

यंत्र दाखवतं ते वजन भागिले भार. कुठल्या रेणूवर कमी प्रोटॉन, कुठल्यावर जास्त, त्यामुळे एकाच इन्सुलिनची आलेखात अनेक शिखरं दिसतात. शेजारशेजारची दोन घ्या: ९६८.९ आणि १,१६२.५. पहिल्यावर एक प्रोटॉन जास्त आहे. ९६८.९ मधून प्रोटॉनचा १ वजा करा, उरलेल्या ९६७.९ ला दोन शिखरांमधल्या अंतराने, १९३.६ ने भागा. उत्तर ५! म्हणजे दुसऱ्या शिखरावर पाच भार. आता १,१६२.५ मधून १ काढून पाचाने गुणा: ५,८०७.५. हा भागाकार पूर्णांकावर येऊन बसतो तेव्हा मला आजही तितकाच आनंद होतो. साठवणीत एका अमिनो आम्लाचा अमाइड गट (नायट्रोजन असलेला तुकडा) जाऊन तिथे किंचित जड आम्लगट आला, तर वजन जेमतेम १ डाल्टनने वाढतं आणि हे शिखर फक्त ०.२ ने सरकतं. तेवढं सरकणं पकडणं हे आमचं काम.

म्हणूनच मुठीत धातूची कांडी धरायला देऊन मिनिटभरात यकृतापासून हाडांपर्यंतचा रिपोर्ट छापणाऱ्या 'क्वांटम' यंत्रांचा संताप येतो. रक्ताचा थेंबही न घेता ती काय मोजणार? तिथे पैसे घालवू नका.

काकूंच्या बाटलीला मात्र आमचा तराजूही पुरा पडत नाही. गोठल्यावर इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके होऊ शकतात. रेणू तुटलेला नसतो, त्यामुळे त्याचं वजन तेच. पुंजके शोधायला छिद्राळ मण्यांनी भरलेली नळी लागते: सुटे रेणू छिद्रांत शिरत रेंगाळतात, छिद्रांत न मावणारे पुंजके आधी बाहेर पडतात. असे बारीक पुंजके डोळ्यांना दिसतीलच असं नाही.

"काकू, गोठलेलं इन्सुलिन घ्यायचं नाही," एवढंच सांगितलं. संध्याकाळी रावपुऱ्यातून नवी बाटली आणली आणि २ ते ८ अंश राहतील अशी जागा त्यांच्या फ्रीजमध्ये करून दिली, फ्रीजरपासून लांब.