पेपर लाँच की खरा तुटवडा? ‘स्टॉक नाही’ या उत्तराचे दोन अर्थ

नवं ग्राफिक्स कार्ड जाहीर होतं, त्याची परीक्षणं येतात, किंमत कळते आणि दुकानात विचारलं की उत्तर मिळतं, ‘स्टॉक नाही.’ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत मिळू शकतं. एकीत कार्ड बाजारात आलेलंच नसतं, दुसरीत ते येऊन हातोहात संपलेलं असतं. पहिला प्रकार म्हणजे पेपर लाँच, दुसरा खरा तुटवडा. लोक दोन्हींना सरसकट पेपर लाँच म्हणतात आणि मग थांबायचं की दुसरं कार्ड घ्यायचं, हा निर्णय चुकतो. म्हणून हा फरक नीट समजून घेतला पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

पेपर लाँचचं चांगलं उदाहरण २००५ मधलं आहे. ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय तेव्हा स्वतंत्र कंपनी होती, पुढे ती एएमडीनं विकत घेतली. ५ ऑक्टोबरला तिनं रेडिऑन एक्स१८०० मालिका जाहीर केली. धाकटं एक्सएल कार्ड मिळू लागलं, पण ज्याच्या वेगाच्या आकड्यांची चर्चा होती ते एक्सटी दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. चिपमधला एक दोष सापडायलाच कित्येक महिने गेले होते आणि त्या काळात प्रतिस्पर्धी एनव्हिडियाचं ७८०० जीटीएक्स जूनपासून बिनधास्त विकलं जात होतं. अशा वेळी घाईनं घोषणा करण्यामागचा हिशोब सरळ असतो: गिऱ्हाइकानं समोरच्याचं कार्ड घेऊ नये, थोडं थांबावं.

आता २०१२. एएमडीचं रेडिऑन एचडी ७९७० जानेवारीपासून ५४९ डॉलरला मिळत होतं. २२ मार्चला एनव्हिडियानं जीटीएक्स ६८० आणलं, ४९९ डॉलरला. बहुतेक कॉम्प्युटर गेममध्ये ते ७९७० पेक्षा वेगवान होतं आणि वीजही कमी खात होतं. कार्डं त्याच दिवशी दुकानांत होती आणि त्याच दिवशी संपली. पुढचे कित्येक आठवडे माल आला की काही वेळात उडायचा. याला पेपर लाँच म्हणणं चूक आहे. खरी अडचण तैवानात होती. इतर कंपन्यांच्या चिप बनवून देणाऱ्या टीएसएमसीची २८ नॅनोमीटरची उत्पादन प्रक्रिया नवी होती, तिची क्षमता अपुरी होती आणि तिच्याच दारात एनव्हिडिया, एएमडी आणि मोबाइलच्या चिप बनवून घेणारी क्वालकॉम असे सगळे रांगेत उभे होते. एप्रिलमध्ये क्वालकॉमनंही पुरवठा कमी पडत असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

खरी गंमत पुढे आहे. एप्रिलच्या मध्यात एएमडीनं ७९७० ची किंमत ५४९ वरून ४७९ डॉलरवर आणली आणि त्याच्या धाकट्या ७९५० कार्डाची ४४९ वरून ३९९ वर. समोरच्याचं कार्ड मिळतच नव्हतं, मग भाव का उतरवायचा? कारण गिऱ्हाईक दुकानातला माल बघतो तसा छापलेला भावही बघतो. ‘४९९ ला याहून वेगवान कार्ड आहे’ हे एकदा डोक्यात बसलं की ५४९ मोजायला हात धजत नाही. आणि जीटीएक्स ६८० थोडंथोडं का होईना, येत होतं. आपल्याकडे माल आहे आणि समोरच्याकडे नाही, हे काही आठवडेच टिकणार होतं.

दोघांकडेही माल नसेल, तर कपातीचा प्रश्नच उद्भवत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० चा जाहीर भाव ६९९ डॉलर होता आणि कार्ड पहिल्याच दिवशी संपलं. नोव्हेंबरमध्ये एएमडीचं आरएक्स ६८०० एक्सटी ६४९ ला आलं, तेही गायब. त्या हिवाळ्यात कोणाला कशाची किंमत उतरवावी लागली? उलट ईबे या पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर दोन्ही कार्डं जाहीर भावाच्या कितीतरी वर विकली गेली.

ओळखण्याची माझी पहिली खूण हीच: पुनर्विक्रीचा बाजार बघा. पेपर लाँचमध्ये चढ्या भावानं विकायलाही कोणाकडे कार्ड नसतं, फक्त परीक्षकांकडे असतं. खऱ्या तुटवड्यात ते मिळतं, फक्त महाग. दुसरी खूण म्हणजे विकत घेतलेल्या माणसांचे स्वतःचे फोटो आणि अनुभव दिसतात का. भारतात मात्र थोडं सांभाळून बोलावं लागतं. जाहीर होणाऱ्या डॉलरच्या भावात कर नसतो, इथे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि आयातदाराचा नफा चढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात एखादं कार्ड नाही म्हणजे ते जगात कुठेच नाही, असं होत नाही.

मधलाही एक प्रकार आहे आणि तो मला सगळ्यात फसवा वाटतो. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्स१८०० एक्सटीला उत्तर म्हणून एनव्हिडियानं ७८०० जीटीएक्सची ५१२ एमबी आवृत्ती ६४९ डॉलरला आणली. ती त्याच दिवशी दुकानात होती, म्हणजे कागदी नव्हे. पण निवडक वेगवान चिप आणि महागडी मेमरी वापरल्यामुळे मुळात थोडीच बनली होती. ती चटकन संपली, भाव वर गेला आणि पुरवठा कधी सुरळीत झालाच नाही. परीक्षणांतला पहिला क्रमांक मात्र तिच्याच नावावर राहिला. अशा कार्डासाठी थांबण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

साध्या तुटवड्यात थांबणं बहुतेक वेळा फळतं. २०१२ मध्ये १० मे रोजी एनव्हिडियानं जीटीएक्स ६७० आणलं. तीच चिप थोडी कमी क्षमतेनं वापरलेली, वेग ६८० च्या अगदी जवळचा आणि किंमत ३९९ डॉलर. म्हणजे एएमडीनं ७९५० जिथे नेऊन ठेवलं होतं, नेमकी तीच.